वडिलांची दुनळी विकायची आहे, दुकानदार म्हणतो आठ हजार

माडाखालची
नमस्कार मंडळी. माझं माहेर कुडाळ तालुक्यातलं. बाबा गेल्या आषाढात गेले. त्यांच्याकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची दुनळी बंदूक होती. मला कळतंय तेव्हापासून ती माजघरात, लाकडी पेटीत. पेटीला हात लावला तर त्या दिवशी बाबा बोलायचेच नाहीत, इतका धाक. ते गेल्यावर महिन्याभरात आम्ही ती एका परवानाधारक दुकानात जमा केली, पावती आहे. मी ठाण्याला, भाऊ पुण्याला, घरी आई एकटी. परवाना पुढे चालवायचा नाही हे तिघांनी मिळून ठरवलंय.

गेल्या आठवड्यात भाऊ विक्रीचं विचारायला गेला. दुकानदारानं बंदूक उघडली, नळ्या ट्यूबलाइटकडे धरून डोळा लावला, मागच्या लाकडी दस्त्यावर अंगठा फिरवला आणि "आठ हजार" म्हणाला. जमा ठेवण्याचं भाडं त्यातूनच कापणार. बाबांनी ती लेकरासारखी जपली हो. दर वर्षी मिरगाच्या आधी अंगणात गोणपाट पसरून तिचे भाग सुटे करायचे आणि आम्हाला पडवीतून बघायला लावायचे. म्हणून आठ हजार ऐकून जीव खट्टू झाला. योग्य किंमत ठरते कशी आणि ती मिळवायला काय करायचं, जाणकारांनी सांगावं.

काजूबाग
ताई, आठ हजाराक देव नको. आमच्या वाडीत गेल्या वर्षी एकान सिंगल बार, ती पण देशी, पंधराक इकल्यान. तुमची दुनळी आसा. त्येच्या वर जावकच व्हयी.

निवृत्त_सुभेदार
ताई, बंदूक न बघता कोणी आकडा सांगितला तर त्यावर जाऊ नका. मीही सांगणार नाही. आधी तुमच्याकडे नेमकं काय आहे ते कळू दे. भावाला पुन्हा दुकानात पाठवा आणि शांतपणे बघायला सांगा. बंदूक रिकामी आहे ना, ते दुकानदाराकडून आधी दाखवून घ्यायचं.

दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर काय कोरलंय ते अक्षर न अक्षर लिहून घ्या. नळ्या वेगळ्या केल्या की खालच्या अंगाला, काडतूस बसतं तिथे, बारीक ठसे दिसतात. विलायती असेल तर मुकुटाचं चिन्ह असेल. मग नळ्या आभाळाकडे धरून आतून बघा. आत एकात एक कडी दिसतात, विहिरीत खडा टाकल्यावर उठतात तशी. ती न मोडता दुसऱ्या टोकापर्यंत गेली तर नळी सरळ. कुठे वेडीवाकडी झाली तर तिथे पोचा आलाय. काळे ठिपके दिसले तर गंजाचे खड्डे.

आणखी एक जुनी परीक्षा. नळ्या खालच्या आकड्याला बोट घालून लटकवायच्या आणि लाकडी मुठीनं हळूच टकटक करायची. देवळातल्या घंटेसारखा लांबत जाणारा नाद आला तर पट्टीचा डाग, म्हणजे जोड, पक्का. तडकलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर डाग सुटलाय, आणि ते काम गावच्या लोहाराचं नाही. शेवटी पुढचं लाकूड काढून बंदूक मिटवा आणि हलवून बघा. खडखडली तर बिजागरी झिजली.

हे लिहून इथे टाका, मग बोलू.

लालबागचो_चाकरमानी
मला विकण्याचाच विचार पटत नाही. आमच्याकडे कणकवलीत एका रात्रीत डुकरांनी सुरणाची अख्खी लागवड उकरली. माकडं शहाळी सुद्धा ठेवत नाहीत. नवा परवाना काढायला किती खेपा पडतात ते काढणाऱ्याला विचारा. वारस म्हणून मिळत असेल तर भावानं नावावर करून घ्यावा. वस्तू एकदा गेली की परत येत नाही.

वेंगुर्ल्याची_माहेरवाशीण
दादा, पुण्याला राहून कुडाळच्या बागेतलं माकड कोण हाकलणार? बंदूक घरात म्हणजे एकट्या म्हातारीच्या जीवाला घोर. माझ्या सासऱ्यांच्या मागे आम्ही तीन वर्षं ठेवली. प्रत्येक निवडणुकीला उचलून पोलीस ठाण्यात जमा करा, मग परत आणा, नूतनीकरणाची तारीख सांभाळा. सासूबाई रात्री दोनदा उठून कुलूप चाचपायच्या. विकली त्या दिवशी त्या निवांत झोपल्या. ताई, तुमचा निर्णय बरोबर आहे.

माडाखालची
सगळ्यांचे आभार. भाऊ शनिवारी जाऊन आला. सुभेदारकाका, तुम्ही सांगितलं तसं सगळं बघितलं.

पट्टीवर इंग्रजीत "आर. बी. रॉडा अँड कंपनी, कलकत्ता" असं आहे. खाली मुकुटाचे ठसे आहेत, भाऊ म्हणतो दोन्ही नळ्यांवर. घोडे बाहेर दिसत नाहीत, आत आहेत. डावी नळी आतून आरशासारखी. उजवीत तोंडापासून वीतभर आत काळे ठिपके. नाद घंटेसारखा आला, खडखड नाही. दस्ता मात्र मूळचा नाही. मूळचा वाळवीनं खाल्ला म्हणून बाबांनी १९९० च्या सुमारास गावातल्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचा करून घेतला होता. दुकानदारानं अंगठा तिथेच फिरवला होता. रॉडाबद्दल तो एक शब्द बोलला नव्हता.

इतिहासाचा_किडा
रॉडा! ताई, तुमच्या बाबांच्या बंदुकीवर केवढं नाव आहे! थोडं विषयांतर करतो.

२६ ऑगस्ट १९१४. कलकत्त्याच्या कस्टम हाउसमधून रॉडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीचा माल बैलगाड्यांवर निघाला. माल सोडवायला गेलेला कंपनीचाच कारकून श्रीशचंद्र मित्र हा क्रांतिकारकांना सामील होता. एक गाडी वाटेत वेगळी वळली आणि ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं क्रांतिकारकांच्या हाती पडली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात ओडिशातल्या बालासोरजवळ बंगालचे क्रांतिकारक बाघा जतीन आणि त्यांचे चार साथीदार पोलिसांच्या मोठ्या तुकडीशी लढले, तेव्हा त्यांच्या हातात माउझरच होती. तुमची दुनळी त्या गाडीतली नाही, पण दुकान तेच.

निवृत्त_सुभेदार
किडाभाऊ, वा! अंगावर काटा आला.

काजूबाग
मगे आठ हजार खंयचे? लाख मागा, ताई!

काउंटरमागून
थांबा थांबा. मी बावीस वर्षं एका शस्त्रविक्रेत्याकडे हिशेब आणि रजिस्टर सांभाळलं, कोकणाबाहेर. दोन्ही बाजू बघितल्यात म्हणून लिहितो.

रॉडा हे विक्रेत्याचं नाव. माल बहुतेक बर्मिंगहॅमच्या कारागिरांचा, वर दुकानाचं नाव कोरून यायचा. म्हणून नुसत्या नावाला लाख येत नाहीत. पण नाव कामाचं आहे, कारण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करणं जवळजवळ बंद झालं. आधी देशात आलेला विलायती माल तेवढाच फिरतोय, त्यातला दर वर्षी थोडा गंजतो, थोडा मोडीत जातो. उरलेल्याची किंमत त्यामुळे टिकून आहे. देशी साध्या बंदुकीचं तसं नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा राहिली. माझ्या डोळ्यांदेखत लोक तिसरी बंदूक घेऊन आले, आणि सिंगल बार तर कपाटात मावेना. अशा वेळी दुकानदार काय भाव देणार?

आता उणं. दस्ता बदललाय, हौशी गिऱ्हाईक तिथेच नाक मुरडतो. उजव्या नळीत खड्डे. तोंडाकडचे खड्डे किमतीला जेवढे मारक तेवढे धोक्याचे नाहीत, काडतूस बसतं तिथले खड्डे फार वाईट. एक गोष्ट अजून बघितली नाहीत. काडतुसाचं घर अडीच इंची आहे की पावणेतीन? जुन्या विलायती बंदुकीत बरेचदा अडीच असतं, आणि आज मिळणारं काडतूस बहुधा पावणेतीनचं. ते आत सहज बसतं, म्हणूनच धोका, कारण उडाल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. हे गिऱ्हाइकाला सांगायलाच हवं. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर तेही सांगा. ती दमास्कस नळी, काळ्या दारूच्या जमान्यातली. तिच्यात आजचं काडतूस घालायचं नाही.

दुकानदार लुटतो असं सरसकट म्हणू नका. तो पैसे आज देतो आणि माल दोन दोन वर्षं कपाटात ठेवतो. परवान्याचा, रजिस्टरचा, तपासणीचा व्याप त्याचा. आमच्याकडे घेतलेल्या भावाच्या दुप्पट आली तरच मालक खूष असायचा. पण इथे त्यानं रॉडाचं नाव गिळलं, ते चुकलंच.

माझा सल्ला: दुकानदाराला विकू नका, दुकानात विक्रीला ठेवा. माल तुमचा, गिऱ्हाईक आलं की ठरलेलं कमिशन त्याचं. आणि स्वतःही परवानाधारक शोधा.

काजूबाग
दुप्पट! म्हणजे लूटच मा ती?

काउंटरमागून
भाऊ, काजूगर आणि काजूबी एकाच भावानं विकता का?

काजूबाग
ह्या बराबर बोललास. 😄

देवगडचा_वकील
किमतीचं मला कळत नाही, कागदाचं सांगतो, कारण माझ्या अनुभवात भाव तिथेच पडतो.

शस्त्र अधिनियम १९५९. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, ते तुम्ही केलंत. जमा केलेली बंदूक, ती कायद्यानं बाळगू शकणाऱ्या व्यक्तीला विकण्याचा अधिकार वारसांना आहे, पण मुदतीत. मुदत गेली आणि कोणी दाद घेतली नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. दुकानदाराला ही तारीख पाठ असते. तुम्हालाही असायला हवी. मुदतीच्या काठावर आलेला माणूस मिळेल त्या भावाला देतो.

थेट दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन. त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. त्याआधी बंदूक हातात द्यायची नाही, घेणारा सख्खा मामा असला तरी. घेणाऱ्याच्या परवान्यावर बारा बोअरची सोय आहे ना, आणि तो चालू आहे ना, ते मूळ परवाना बघून तपासा, मोबाइलवरच्या फोटोवर नाही. ताई, तुम्ही, भाऊ आणि आई तिघंही वारस. दोघांची संमतीपत्रं करून एकाच्या नावे विक्रीचा अर्ज करा. मृत्यूचा दाखला, वारसांचा कागद, जमा पावती, मूळ परवाना एका फाइलीत ठेवा. फाइल पूर्ण असलेल्या बंदुकीला गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. कागद अर्धे दिसले की पहिला आकडाच निम्म्यावर येतो.

रत्नांग्री_आंबा
निवडणुकीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो, मनातली खदखद आहे. आमची दुनळी आचारसंहितेत ठाण्यात जमा केली. परत आणली तेव्हा पट्टीवर तांबेरा, आणि एका नळीत बोटानं जाणवतील असे खड्डे. बाकीच्या बंदुकांच्या ढिगात, भिंतीला टेकवून, ओलीत उभी होती. विचारलं तर म्हणाले, आधीपासूनच असेल. माझ्याकडे पुरावा काय? पावतीवर फक्त "एक बंदूक". विकताना याच खड्ड्यांवर बोट ठेवून दहा हजार कमी केले मला. शेतकऱ्याला माकडं उन्हाळ्यात त्रास देतात आणि बंदूकही नेमकी तेव्हाच उचलतात, हे तर वेगळंच.

तेव्हा जमा करताना नळ्या आतून-बाहेरून फोटो काढा आणि पावतीवर "नळ्या साफ, गंज नाही" असं लिहून घ्या. लिहायला कां-कूं करतात, पण हटून बसा.

माडाखालची
दादा, वाचून वाईट वाटलं. उजव्या नळीचं आमचंही असंच झालं असेल का? बाबा एका निवडणुकीनंतर बरेच दिवस गप्प होते, एवढं आठवतं.

बाणकोटची_खाडी
कदाचित हवेनंही झालं असेल. खाडीकाठी खारा वारा आणि चार महिने दमट, लोखंड टिकतंय कुठे? आमचे आजोबा बंदुकीला खोबरेल लावायचे. थंडीत ते गोठायचं, नंतर त्याचा चिकट थर व्हायचा आणि आतले भाग जाम. वरून गोधडीत गुंडाळून ठेवायचे, म्हणजे ओल आतच कोंडायची. बाजारात पातळ मशीनचं तेल मिळतं, तेच बरं. विकायच्या आधी मात्र घासूनपुसून चकचकीत करायला जाऊ नका, हे मला एका जुन्या कारागिरानं सांगितलं होतं. पॉलिश पेपर मारला की जुना निळा-काळा रंग आणि ठसे पुसट होतात, आणि ठसे गेले की विलायती माल ओळखायचा कसा? तेलाचा हात आणि मऊ फडकं, एवढंच.

दुबईचो_मालवणकर
असल्या जुन्या इंग्लिश बंदुकांना परदेशात लिलावात भरपूर मिळतात म्हणे. तिकडे पाठवता येणार नाही का? मी इकडे विचारून बघतो.

देवगडचा_वकील
भाऊ, मनातही आणू नका. बंदूक देशाबाहेर काढायला शस्त्र कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. त्यात शंभर वर्षांहून जुनी निघाली तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो, आणि त्याखाली खाजगी माणसाला निर्यात करता येत नाही. चांगल्या भावाच्या नादात ताईंना कोर्टाची पायरी नको.

दुबईचो_मालवणकर
कळलं. शब्द मागे घेतो.

व्यवस्थापन
विषय चांगला चाललाय. फक्त सूचना: इथे कोणीही विक्रीची जाहिरात, फोन नंबर, बंदुकीचा क्रमांक किंवा परवान्याचा फोटो टाकू नये. दोन प्रतिसाद त्यासाठी काढावे लागले.

निवृत्त_सुभेदार
व्यवस्थापनाचं बरोबर आहे. मग गिऱ्हाईक शोधायचं कुठे? ताई, नुकताच परवाना मिळालेला माणूस शोधा. त्याला हत्यार घ्यायला मुदत असते, ती संपत आली की तो तुमच्यापेक्षा जास्त घाईत असतो. आंबा-काजूच्या बागायतदारांत, सोसायटीत, पोलीस पाटलांकडे तोंडी शब्द टाका. कोकणात हा व्यवहार ओळखीनंच होतो. आणि कोणी "नळीत खड्डे आहेत" म्हणायच्या आत तुम्हीच सांगा. लपवलेला दोष सापडला की माणूस उरलेल्या चांगल्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

लालबागचो_चाकरमानी
मी अजूनही म्हणतो ठेवायला हवी होती. पण विकायचीच तर बागेवाल्याच्या हाती जाऊ दे, शहरात भिंतीवर टांगायला नको.

माडाखालची
चार महिन्यांनी परत आले, कारण तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

बंदूक विकली गेली. वकीलसाहेबांनी सांगितली तशी फाइल केली, आईची आणि भावाची संमतीपत्रं जोडली. दुकानदाराला काउंटरमागून यांचा निरोप शब्दशः सांगितला, की विकत घेऊ नका, विक्रीला ठेवा. तो आधी नाही म्हणाला. मग भावानं रॉडाचं नाव काढलं तेव्हा त्यानं दुसऱ्यांदा नळ्या उजेडाकडे धरल्या, आणि या वेळी जरा जास्त वेळ. "अठरा देतो," म्हणाला. आम्ही थांबलो, तेव्हा विक्रीला ठेवायला तयार झाला.

गिऱ्हाईक आईनंच शोधलं. सोसायटीच्या सभेत तिनं एका बाईंशी विषय काढला, त्यांच्या भाच्याला नवा परवाना मिळाला होता. सावंतवाडी तालुक्यातले काजू बागायतदार, मुदत संपायला अडीच महिने उरलेले. दुकानातच भेटलो. भावानं आधीच सांगितलं की उजव्या नळीत ठिपके आहेत, दस्ता बदललेला आहे, काडतुसाचं घर अडीच इंची आहे. त्यांनी मान डोलावली आणि दस्त्यावर हात फिरवला. मला वाटलं, आता इथे भाव पाडणार. तर म्हणाले, "फणस मा? मगे वाळवी लागाची नाय." आम्ही ५५ सांगितले होते, ४२ हजारांवर ठरलं. पैसे बँकेतून आले. कमिशन आणि भाडं दुकानदारानं पावती देऊन घेतलं. कलेक्टर कचेरीत आणि ठाण्यात लेखी कळवलं, ४५ दिवस थांबलो, आणि परवा बंदूक त्यांच्या परवान्यावर चढली.

मी त्या दिवशी दुकानात होते. त्यांनी ती हातात घेतल्यावर पहिल्यांदा उघडून रिकामी आहे का ते बघितलं. बाबाही तेच करायचे, दर वेळी, स्वतःच ठेवलेली असली तरी. तेवढं बघून मी बाहेर येऊन उभी राहिले.

पेटी आईनं दिली नाही. त्यात आता वालीचं बी ठेवते.

काजूबाग
बेचाळीस! ताई, आईक माझो नमस्कार सांगा. सभेत बसान गिऱ्हाईक हाडल्यानी.

रत्नांग्री_आंबा
फार बरं वाटलं. आमच्या वेळी हा धागा असता तर!

काउंटरमागून
दस्ता बदललेल्या, अडीच इंची घर असलेल्या बंदुकीला ४२ म्हणजे चोख भाव. काडतुसांचं सांगितलंत ना त्यांना नीट? आणि घरात बाबांची उरलेली काडतुसं असतील तर ती ठेवू नका, परवाना नसताना तीही चालत नाहीत.

माडाखालची
हो, अडीच इंचीचं दुकानदारानं त्यांच्या पावतीवरच लिहून दिलं. बाबांची अकरा काडतुसं निघाली, पुठ्ठ्याची, फुगलेली. ती बंदुकीसोबतच जमा केली होती, पावतीवर नोंद आहे.